एम घरी होता ती थंडी

मुंबईची थंडी ती काय! पहाटे पंखा एक नंबरवर आणायचा, चादरीऐवजी गोधडी घ्यायची, की झाली थंडी. तरी ती आल्याचं मला सगळ्यात आधी कळतं ते खोबरेल तेलाच्या बाटलीवरून. काल सकाळी बाटली हातात घेतली तर तेल गोठलेलं. पांढरं, रवाळ. उन्हात ठेवायला म्हणून गॅलरीत गेले आणि तिथेच उभी राहिले. खाली करी रोडच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या, समोरचा टॉवर धुरक्यात अर्धाच दिसत होता, आणि माझ्या तळव्यांना एक इवलंसं अंग आठवत होतं. तेल लावताना हातातून निसटेल की काय असं वाटणारं.

त्या थंडीत आमच्या घरात दोन मुलं होती.

आमचा टॉवर उभा आहे तिथे पूर्वी चाळ होती. माझा नवरा सुहास त्या चाळीत वाढला. सासूबाई म्हणतात, ‘‘आडवे होतो ते उभे झालो, बाकी काय फरक नाय.’’ फरक आहे. सतराव्या मजल्यावर दारं बंद असतात. पण शेजारपाजार तोच, आणि कुणाच्या घरी काय झालं ते लिफ्टच्याही आधी सगळ्या मजल्यांवर पोचतं.

सासरे मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिल गेली, सासरेही गेले, पण कापड काही घरातून गेलं नाही. सुहास टेक्स्टाईल शिकला, तयार कपड्यांच्या एका कंपनीत लागला आणि लग्नानंतर काही वर्षांनी कंपनीने त्याला व्हिएतनामला पाठवलं. तिथल्या एका बंदराच्या गावात तो शर्टांच्या शिवणी तपासायचा आणि मी घर सांभाळत मूल होण्याची वाट बघायचे. मुंबईत उपचार झाले होते, तिथेही झाले. एक दिवस मीच म्हटलं, आता पुरे. माझ्या अंगाला थोडं माझं राहू दे. मग आम्ही गावाबाहेरच्या बालगृहात जायला लागलो.

ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा ओसरीवर मुलं ओळीने भाताची पेज खात बसली होती. हिला स्वतःला नीट चालता येत नव्हतं, पण शेजारच्या तिच्याहून लहान पोराच्या तोंडात ती चमचा घालत होती. अर्धी पेज त्याच्या हनुवटीवर. ती पुसायची आणि पुन्हा भरवायची. आमच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. नाव विचारलं तर सांभाळणारी बाई म्हणाली, ‘‘माई.’’ त्यांच्याकडे माई म्हणजे नववर्षाच्या दिवसांत फुलणारं एक पिवळं फूल. सुहासला हसू आवरेना. त्याच्या आजीला अख्खी चाळ माई म्हणायची.

ती आमच्याकडे आली तेव्हा रडली नाही. टॅक्सीत नाही, परक्या घरात नाही, तापातसुद्धा नाही. ‘‘फार शहाणी आहे, कधी रडत नाही,’’ असं तिथल्या बाईंनी कौतुकाने सांगितलं होतं. मला ते कौतुक कळायला वेळ लागला. रडल्यावर कुणी येत नसेल तर मूल रडायचं सोडून देतं. रात्री ती जागी असायची, डोळे उघडे ठेवून, गप्प. उशीखाली बिस्किटाचे तुकडे लपवायची. मी मुंग्या झाडायचे, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायची.

एकदा दारात तिचं बोट चेमटलं. तिने आधी बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सुहासकडे. आम्ही दोघंही हातातलं टाकून धावलो. आम्ही येतोय हे बघितल्यावर तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने असा गळा काढला की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई वर आल्या. सुहास तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरत होता आणि मला सांगत होता, ‘‘रडली गं! आपली पोरगी रडली!’’ आणि तोही रडत होता.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मला दिवस राहिले. डॉक्टर सांगत होत्या आणि मी त्यांनाच विचारत होते, नक्की माझेच रिपोर्ट ना? ज्याच्यासाठी इतकी वर्षं अंगाला सुया टोचून घेतल्या ते आता कुणी न बोलावता आलं होतं. सुहासने मुंबईत बदली मागून घेतली. बाळंतपण आपल्या माणसांत व्हावं एवढंच डोक्यात होतं.

सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. फोनवर माईला बघितलं होतं, पण प्रत्यक्ष बघणं वेगळं. बारीक डोळ्यांची, सरळ केसांची, पायात लाल सँडल घातलेली ती पोर त्यांच्या नऊवारीकडे टक लावून बघत होती. सुहास म्हणाला, ‘‘आई, ही माई.’’ सासूबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘म्हंजे माजी सासूच परत इली!’’ आणि माईने त्यांना आपल्या भाषेत आजी म्हणून हाक मारली: ‘‘बा.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘घ्या. ही माई आणि मी बा. आता बाकीच्यांनी नावा बदलून घ्या.’’

मी मात्र ‘मे’ होते. मे म्हणजे आई. जरा लांबवून म्हणायचं, शेवटी आवाज खोल उतरवून. तसं मला आजवर फक्त तिनेच म्हटलं आहे.

डिसेंबरच्या सुरुवातीला मुलगा झाला. हॉस्पिटलात सुहासने माईला कडेवर घेऊन पाळण्यापाशी नेलं. तिने वाकून पाहिलं आणि ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं म्हणाली, ‘‘एम.’’ धाकट्या भावंडाला, आपल्याहून लहान असलेल्या कुठल्याही मुलाला तिकडे एम म्हणतात. त्या ओसरीवरचा पेज खाणाराही एमच असणार. बारसं पुढे ढकललं गेलं होतं. आधी बाळाला कावीळ, मग तो नीट पीत नव्हता, मग सासूबाई म्हणाल्या, संक्रांत होऊ दे. नावं आम्ही काढून ठेवली होती, भांडलोही होतो त्यावरून. तोवर तो एमच राहिला.

घरात ओव्याच्या धुरीचा वास असायचा. सासूबाई पाय पसरून बसायच्या, त्याला पायांवर घ्यायच्या, तेल कोमट करून चोळायच्या आणि मालवणीत त्याला काहीबाही विचारत राहायच्या. माई समोर उकिडवी बसून बघायची. मग आपली बाहुली स्वतःच्या पायांवर घेऊन तिला चोळायची. एम रडला की ती घरात कुठेही असो, धावत सुटायची. ‘‘मे! एम खॉक! एम खॉक!’’ एम रडतोय. मी मोरीत असले तर दार बडवायची. सासूबाई म्हणायच्या, ‘‘अगो, येता ती, येता.’’ पण माईला धीर नसायचा. रडणाऱ्याकडे ताबडतोब कुणीतरी गेलं पाहिजे, एवढं तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

एकदा त्याचं दुपटं सोडलं तर आत बिस्किट. ओलं झालेलं, चुरा झालेलं. मी माईकडे बघितलं, तिने दुसरीकडे. त्या दिवसापासून तिच्या उशीखाली बिस्किटं दिसेनाशी झाली. सगळी एमच्या दुपट्यात जायला लागली. मी ती गुपचूप काढून टाकायचे आणि मनात म्हणायचे, आता काही नको देवा, आता सगळं झालं.

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. बाहेर बाजारात ओला हरभरा, बोरं, उसाचे करवे आले होते. दादरला दुकानांच्या दारांत हलव्याचे दागिने टांगलेले. मी सुहासला दोन जोड आणायला सांगितले होते, एक माईच्या मापाचा आणि एक त्याच्या. दोघांचं बोरन्हाण एकदमच करायचं होतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते सासूबाईंच्या. मी पाजत होते आणि त्यांनी पदराने त्याचं कपाळ टिपलं. हात थांबला. ‘‘थंडीत घाम कसलो गो?’’ त्या म्हणाल्या. पितानाच तो दमत होता. दोन घोट घ्यायचा, थांबायचा, डोळे मिटायचा. मी समजत होते की झोपाळू आहे. त्या दिवशी सकाळच्या उन्हात त्यांनी त्याची नखं मला दाखवली. निळसर. आम्ही तशाच निघालो.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावून सांगितलं. कुठली नळी कुठे जोडलेली असते आणि याची कुठे जोडली गेली आहे. डॉक्टर भले होते, घाई करत नव्हते. वजन थोडं वाढलं की ऑपरेशन करू, म्हणाले. वजन वाढलं नाही. मग छातीत संसर्ग झाला. काचेपलीकडे तो नळ्यांमध्ये झोपलेला असायचा आणि मला हात धुऊन, गाऊन घालून एक बोट आत घालता यायचं. तो ते बोट धरायचा. शेवटच्या दिवसांत धरायचा नाही, तरी मी बोट तिथेच ठेवायचे.

संक्रांत अगदी तोंडावर आली होती. दुपारची वेळ. सुहास बाहेरून आला, मी जेवून घ्यावं म्हणून त्याने मला खाली कँटीनला पाठवलं. परत आले तेव्हा डॉक्टर त्याच्याशी बोलत होते आणि सुहास भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत होता.

इतक्या लहान मुलांना दहन नसतं. सुहास, त्याचा मामेभाऊ आणि मजल्यावरचे दोघं गेले. सुहासने त्याला हातांवरच नेलं. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला माती होती. तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ बादलीत नुसतंच पाणी पडल्याचा आवाज येत राहिला.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं की दूध येतच राहतं. अंगाला कळत नाही. त्याच्या पिण्याच्या वेळा झाल्या की ब्लाउज भिजायचा. सासूबाईंनी छातीला घट्ट पट्टा बांधून दिला, तरी यायचं. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. एकदा माई पलंगावर चढून माझ्याजवळ आली. तिने भिजलेल्या ब्लाउजवर बोट टेकवलं. ‘‘एमचं,’’ म्हणाली. मग स्वतःच्या फ्रॉकने ती ते पुसायला लागली. मी तिचा हात धरला नाही आणि बाजूलाही केला नाही. माझ्यात तेवढंही बळ नव्हतं.

भेटायला माणसं येत होती. कोण काय बोललं ते मला फारसं आठवत नाही. एक मात्र आठवतं. सासूबाईंच्या नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बसून त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, पण घर ते केवढं, मला सगळं ऐकू येत होतं. ‘‘वाईट वाटून घेऊ नको, पण परक्या मुलखातली पोर घरात आणलीत. कुणाची, कशी, काय माहीत? पायगुण असतो गो.’’

माई तिथेच जमिनीवर खेळत असणार, तिच्या बाहुलीचा खुळखुळा वाजत होता. मी उठून बसले. बाईंच्या बोलण्याने नव्हे, सासूबाई काय उत्तर देतील त्या भीतीने. त्यांचा नातू गेला होता. पहिला. रक्ताचा.

सासूबाई अगदी सावकाश बोलल्या. ‘‘माजो पयलो झील गेलो तेवा ही पोर खंय होती?’’

‘‘अगो, ती गोष्ट वेगळी...’’

‘‘वेगळी कशी? तो पन असोच गेलो. दूध पितापिता. तेवा कोनाचो पायगुण होतो? माजोच म्हनले सगळे. तू पन म्हनलंस. माका आठवता.’’

त्या बाई चहा न पिता गेल्या. मी दारात येऊन उभी राहिले. सुहास खुर्चीत होता, आईकडे बघत. चाळिशीच्या माणसाला त्या दिवशी कळलं की आपल्याला एक मोठा भाऊ होता. ‘‘नाव काय होतं त्याचं?’’ त्याने विचारलं. सासूबाईंनी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे नाव त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं बहुधा, कारण त्यांचा आवाज ओळखू येईना. ‘‘अनंत,’’ म्हणाल्या. मग माईला उचलून मांडीवर घेतलं आणि तिचे केस विंचरायला लागल्या.

संक्रांतीच्या दिवशी घरात काहीच केलं नाही. खिडकीतून आभाळ पतंगांनी भरलेलं दिसत होतं आणि खालून काटली-काटली ओरडणं वर येत होतं. मी पडूनच होते. सासूबाई स्वयंपाकघरात, सुहास अंघोळीला. घर फारच गप्प आहे असं वाटलं म्हणून मान वळवली. माई दाराशी बसली होती.

तिने तिच्या लाल सँडल घातल्या होत्या. तिकडून आली होती त्या. आता त्या लहान झाल्या होत्या, टाचा मागे बाहेर आल्या होत्या. अंगात स्वेटर उलटा घातलेला. मांडीवर बाहुली. पाठ ताठ, दोन्ही पाय जुळवलेले, नजर बंद दरवाज्यावर. कुणीतरी न्यायला येणार असल्यासारखी.

‘‘माई, काय करतेस?’’

‘‘माई जायचं,’’ ती म्हणाली.

‘‘कुठे?’’

‘‘दुसरी मे.’’ मग मला नीट कळावं म्हणून तिने समजावून सांगितलं, हळू, एकेक शब्द. ‘‘एम दुसरी मे. माई दुसरी मे.’’

मला एक क्षण काही उमगलं नाही, आणि मग सगळंच उमगलं. ती ज्या ओसरीवर वाढली तिथली मुलं एक दिवस दिसेनाशी व्हायची. कुणीतरी नवे आईबाप यायचे आणि न्यायचे. पेज खाणारा तो पोरगाही असाच गेला असेल. तिला ठाऊक असलेलं जाणं हे एवढंच होतं. एम दिसत नाही, म्हणजे एमला नवी आई मिळाली. आणि ही आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे, हाक मारली तरी वळत नाही. म्हणजे आता आपली पाळी. ती रडत नव्हती. हट्ट करत नव्हती. तिने स्वतःच तयारी केली होती, कुणाला त्रास नको म्हणून.

मी कशी उठले, कशी तिथवर गेले, आठवत नाही. बाळंतपणाचे टाके अजून ओढत होते. मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि तिच्या सँडलचे बंद सोडवायला लागले. ते इतके घट्ट झाले होते की माझ्या बोटांना जमेना.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘दुसरी मे नाही. माईची मे मीच.’’

‘‘एम?’’

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी मला नको-नको अशी मान हलवली. लहान पोरीला कशाला सांगतेस. पण त्या क्षणी तिच्याशी खोटं बोलले असते तर ती आयुष्यभर दाराकडे बघत राहिली असती. मी म्हटलं, ‘‘एमलाही दुसरी मे नाही. एम खूप आजारी होता. एम मेला. आता तो येणार नाही. कुणी त्याला नेलं नाही, माई. कुणाला दिला नाही आम्ही.’’

तिने माझा चेहरा बघितला. किती कळलं, कुणास ठाऊक. मग तिने विचारलं, ‘‘एम एकटा?’’

माझं रडू बाहेर पडलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाजासकट, आणि माझं बघून तिचं. आम्ही दोघी दाराशी फरशीवर एकमेकींना धरून रडत होतो. सुहास ओल्या अंगाने धावत आला. सासूबाई खाली बसल्या आणि ते घट्ट बंद त्यांनी दातांनी सोडवले. एक सँडल काढली, दुसरी काढली. माईचे पाय पदरात घेऊन चोळत त्या म्हणत होत्या, ‘‘खंय जाऊचा नाय तुका. हयच ऱ्हवाचा. ऐकलंस मगो, बाय? हयच.’’

माझं बरं होणं त्या दिवशी सुरू झालं असं मी म्हणणार नाही. मी नीट जेवायला लागायला पाऊस यावा लागला. सुहास कितीतरी महिने आपल्या हातांकडे बघत बसायचा. एवढंच की दुसऱ्या दिवशी माईला आंघोळ मी घातली. तिला लागलं की ती रडायची, आणि मी उठायचे. कितीदा तर उठण्यासाठी मला दिवसभरात तेवढंच कारण असायचं.

पुढच्या वर्षी सासूबाईंनी तिचं बोरन्हाण केलं. मजल्यावरची सगळी पोरं बोलावली. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, आणि डोक्यावरून बोरं पडायला लागल्यावर तिने ती गोळा करण्याऐवजी लहान मुलांच्या मुठींत भरायला सुरुवात केली. मी आत जाऊन तोंड धुऊन आले. सुहासने त्या वर्षी दादरहून दागिन्यांचा एकच जोड आणला होता. आधीच्या दोन जोडांचं त्याने काय केलं, मी विचारलं नाही.

माई आता तिसरीत आहे. टॉवरच्या पोरांबरोबर खाली क्रिकेट खेळते, आउट दिलं की ‘‘ए, चिटिंग करू नको हां!’’ म्हणून भांडते, आजीशी मालवणीत आणि बाकीच्यांशी मुंबईच्या मराठीत बोलते. तिची ती पहिली भाषा गेली. एकेक शब्द करून गेली, आम्हाला कळलंही नाही कधी. मी ‘मे’ची कधीतरी ‘आई’ झाले. मला कुणी विचारलं, तुझं काय काय हरवलं, तर मी एमबरोबर तो शब्दही सांगेन.

कालच्या त्या तेलाच्या बाटलीनंतर दिवसभर माझं मन थाऱ्यावर नव्हतं. संध्याकाळी कपाट आवरायला काढलं आणि साड्यांच्या घडीत जपून ठेवलेला एक फोटो बाहेर आला. सुहासने काढलेला, दोघांचा एकत्र असा तेवढाच. मी तो पालथा करून ठेवणार इतक्यात माई शाळेचं दप्तर टाकून माझ्या खांद्यावरून वाकली.

‘‘बघू. ही मी?’’

‘‘हो.’’

‘‘आणि हे कोणाचं बाळ?’’

तिला आठवत नव्हतं. घरात त्याचा विषय निघतो, भाऊ होता हे तिला माहीत आहे. पण माहीत असणं आणि आठवणं यांत केवढं अंतर आहे ते मला त्या प्रश्नाने कळलं. त्याच्यासाठी सगळ्यात जास्त धावलेली ती. मी म्हटलं, ‘‘आपलं. हा एम.’’

तिने फोटो माझ्या हातातून घेतला. खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. फोटोत ती भिंतीला टेकून बसली आहे, उशी मांडीवर, उशीवर तो. त्याचं डोकं तिच्या कोपरात, आणि तिचा दुसरा हात, चार बोटं पसरून, त्याच्या मानेखाली. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. त्याच्याकडे बघते आहे.

माईने त्या पसरलेल्या बोटांवर आपलं बोट ठेवलं. मग मान वर न करता म्हणाली, ‘‘मी नीट धरलंय ना गं त्याला?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘तू अगदी नीट धरलं होतंस.’’